काका, रिअ‍ॅक्टर मोठा घेऊ की ड्रायर दुसरा?

मागच्या अंकात केमिकल प्लांटचं डिझाइन आणि त्यातलं ऑप्टिमायझेशन, म्हणजे दिलेल्या मर्यादांत सगळ्यात फायद्याचं उत्तर शोधणं, यावर दीड पान खरडलं होतं आणि शेवटी सहज लिहून गेलो की काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं दोन-चार मेसेज येतील. आले खंडीभर, त्यातले निम्मे 'मुलाला केमिकलला घालू का' असे. ते सध्या बाजूला ठेवलेत. उरलेल्यातले पाच घेतलेत, नावं गाळून, कारण काही जण नोकरीत आहेत आणि साहेबांच्या घरीही हा अंक येतो. आणि हो, ऑप्टिमायझेशनला मराठीत इष्टतमीकरण म्हणतात असं एका गुरुजींनी कळवलंय. आभार. पण लोट्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये मी हा शब्द उभ्या जन्मात ऐकला नाही, तेव्हा इथे ऑप्टिमायझेशनच चालू दे.

लोणेऱ्याहून एक विद्यार्थी: सर, आम्हाला एलपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग, सरळ रेषांच्या मर्यादांत बेस्ट उत्तर शोधणं) शिकवतात म्हणजे दोन व्हेरिएबल, ग्राफ काढा, कोपरे तपासा, मार्क घ्या. खऱ्या प्लांटमध्ये कोणी हे वापरतं का?

वापरतात रे बाबा, आणि आजकालचं नाही, १९५२ साली चार्न्स, कूपर आणि मेलन या तिघांनी विमानाच्या पेट्रोलचं ब्लेंडिंग एलपीने कसं करायचं ते छापलं, म्हणजे डँट्झिगने १९४७ ला एलपी सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढल्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. आज कुठलीही रिफायनरी क्रूड कुठलं घ्यायचं आणि कशात किती मिसळायचं हे एलपीवर ठरवते, फक्त तिथे व्हेरिएबल दोन नसतात, हजारोंनी असतात, त्यामुळे ग्राफबिफ काही नाही.

कोपराच का तपासायचा हे सर सांगत नाहीत बहुतेक. भाताचं खाचर डोळ्यासमोर आण. चारी बाजूला बांध, त्या मर्यादा, आणि जमीन एकाच बाजूला सरळ उतरती, तो खर्च. पाणी सोडलं तर कुठे जाऊन थांबेल? मध्ये कुठेच नाही, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. सिम्प्लेक्स म्हणजे बांधाबांधाने चालत एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाणं, दर वेळी जरा खालच्या. १९८४ ला बेल लॅबमध्ये नरेंद्र करमरकर म्हणाले बांधावरून कशाला, सरळ खाचरातून आत घुसू. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, आयआयटी मुंबईत शिकलेला माणूस, आणि त्यांच्या त्या पद्धतीने फार मोठ्या एलपींचं गणितच बदललं. हे नाव तुझ्या सिलॅबसमध्ये नसेल तर सरांना विचार का नाही.

आता खरी गोम. प्लांट चालवायचं गणित बऱ्यापैकी सरळ रेषेत बसतं पण प्लांट डिझाइन करायचं नाही बसत. दुप्पट मापाची टाकी दुप्पट किमतीला येत नाही, आमच्याकडे ठोकताळा असा की माप वाढेल त्याच्या ०.६ घाताने किंमत वाढते, म्हणजे दुप्पट टाकी साधारण दीडपट पैशात. ही झाली वाकडी रेष. त्यात 'हा डिस्टिलेशन कॉलम (ऊर्ध्वपातनाचा मनोरा) लावायचा की नाही' असली हो-नाहीची भानगड, तिथे अर्धा कॉलम असं उत्तर चालत नाही. वाकड्या रेषा आणि हो-नाही दोन्ही एकत्र आले की त्याला एमआयएनएलपी (मिक्स्ड-इंटिजर नॉनलिनिअर प्रोग्रॅमिंग) म्हणतात आणि मग रात्रीची झोप जाते. पण त्याच्या पोटात शिरून बघ, ते सोडवणारे प्रोग्राम आतून पुन्हा पुन्हा तुझी ती एलपीच सोडवत असतात. तेव्हा कोपरे तपास, मार्क घे, आणि पुढे वाच.

लोट्याहून एक प्रोडक्शन इंजिनिअर: आमची बॅच जीएलआरमध्ये (आतून काचेचा लेप दिलेला रिअ‍ॅक्टर) १४ तास, सेंट्रिफ्यूजला (गरगर फिरवून पातळ काढायला) ४ तास, ट्रे ड्रायरला २० तास. एका बॅचला ८०० किलो माल. ड्रायरमध्ये पण ८०० च मावतो. डिमांड वाढलीय. साहेब म्हणतात मोठा रिअ‍ॅक्टर घेऊ, १२०० किलोची बॅच काढू. मला पटत नाहीये पण बोलायचं कसं? काका, रिअ‍ॅक्टर मोठा घेऊ की ड्रायर दुसरा?

तुला पटत नाहीये ते बरोबर आहे, आणि बोलायचं कसं तर कागद घेऊन बोलायचं. मी आत्ता करतो तसं कर.

महिन्याचे चालू तास ६०० धर. आता प्रत्येक मशीन तासाला किती माल पुढे ढकलू शकतं ते काढ. रिअ‍ॅक्टर, ८०० भागिले १४, म्हणजे ५७ किलो. सेंट्रिफ्यूज २०० किलो, त्याला तर झोपायला वेळ आहे. ड्रायर, ८०० भागिले २०, म्हणजे ४० किलो. बस. तुमचा अख्खा प्लांट तासाला ४० किलोचा आहे, ६०० तासांत ३० बॅच, २४ टन. रिअ‍ॅक्टर दर बॅचला ६ तास नुसता ड्रायर रिकामा व्हायची वाट बघत उभा असणार, लॉगबुक काढून बघ, त्या वेळात कोणीतरी 'होल्ड' असं लिहिलेलं सापडेल.

आता साहेबांचा मोठा रिअ‍ॅक्टर आणला. तासाला ८६ किलो झाला समज. ड्रायर तिथेच, ४० वर. महिन्याला किती? २४ टन. लाखो रुपये घालवून २४ चे २४! आता १२०० किलोचा ओला केक, म्हणजे सेंट्रिफ्यूजमधून निघालेला ओला माल, घेऊन ऑपरेटर ड्रायरच्या दारात बसेल एवढाच फरक.

त्याऐवजी दुसरा ड्रायर घेतला तर ड्रायरचे ८० झाले आणि आता अडवणारा रिअ‍ॅक्टर, ५७ वर. ६०० तासांत पूर्ण बॅच बसतात ४२, म्हणजे ३३ टन ६०० किलो. एका ड्रायरने चाळीस टक्के वाढ. तिसरा ड्रायर घेतलास तर वाढ शून्य, तेव्हा हुरळून जाऊन तिसरा मागू नकोस.

साहेब म्हणतील मग दोन्ही घेऊ. इथे मजा आहे. १२०० किलोचा रिअ‍ॅक्टर म्हणजे पोटातलं माप दीडपट पण जॅकेटला (तापवण्या-गार करण्याचं बाहेरचं वेष्टन) चिकटलेला पत्रा दीडपट होत नाही, तो साधारण १.३ पटच होतो. मोठ्या पातेल्यातला भात उशिरा शिजतो तसं. तुझ्या १४ तासांतले समज ७ तास तापवण्या-गार करण्यात जातात, ते होतील ८. म्हणजे बॅच १५ तासांची, १२०० भागिले १५, बरोबर ८०. दोन ड्रायर पण ८०. कागदावर इतकं जमून आलं की मला स्वतःलाच पुन्हा बेरीज करावीशी वाटली. ४८ टन महिन्याला!

पण थांब. बॅच १२०० ची आणि ड्रायर ८०० चे. दर दोन बॅचला तीन लोड, म्हणजे अधूनमधून ४०० किलो ओला केक कुठेतरी ठेवावा लागणार, आणि तो सॉल्व्हंटने, म्हणजे बहुधा पेट घेणाऱ्या द्रावकाने, ओला असणार. गणितात त्या केकला काहीच किंमत नाही, समीकरणात मी लिहिलाच नाही ना तो. शेडमध्ये मात्र तो ड्रममध्ये भरून उभा आहे, मे महिन्यात, आणि शेजारी कोणीतरी ग्राइंडर चालवतंय. ट्रेव्हर क्लेट्झ नावाचा आयसीआयमधला सेफ्टीवाला होता, त्याचं म्हणणं असं की जे साठवलेलंच नाही ते गळणार कुठून. भोपाळला १९८४ मध्ये जो वायू सुटला तो मधल्या टप्प्यावर बनवून टाकीत साठवून ठेवलेलाच होता. तेव्हा मधली साठवण हा उत्पादन वाढवायचा सोपा मार्ग असतो आणि सगळ्यात आधी शंका घ्यावी असाही तोच.

शिवाय गार करणारा ब्राइन प्लांट, व्हॅक्यूम पंप, सांडपाणी शुद्ध करणारं ईटीपी हे ४८ टनाला पुरतील का? बहुतेक नाही. माझं मत विचारशील तर आधी सेल्सवाल्यांकडून आकडा घे. त्यांना ३२ टन हवेत की ४८? ३२ हवे असतील तर दुसरा ड्रायर, विषय संपला. आणि साहेबांना 'तुमचं चूक' असं म्हणू नकोस. मागच्या महिन्याच्या लॉगवरून रिअ‍ॅक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर असे तीन आडवे पट्टे काढ, चालू वेळ रंगव, रिकामी वेळ पांढरी ठेव, आणि कागद टेबलावर ठेवून गप्प बस. पांढरं साहेबांनाही दिसतं.

हे तीन मशीनचं होतं म्हणून बोटांवर झालं. सात मशीन असतील आणि प्रत्येक एक, दोन किंवा तीन घ्यायची मुभा असेल तर ३ चा सातवा घात, २१८७ जुळण्या, आणि प्रत्येकीत मापं वेगळी शोधायची. त्यात पुन्हा ओढाताण अशी की पैशाच्या हिशोबाने एक मोठं मशीन स्वस्त (तो ०.६ घात) आणि वेळेच्या हिशोबाने दोन लहान बरी. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रॉजर सार्जंट आणि त्यांचा मेक्सिकन विद्यार्थी इग्नासिओ ग्रॉसमन यांनी सत्तरच्या दशकात असल्या प्लांटची गणितं मांडली, पुढे ग्रॉसमन अमेरिकेत कार्नेगी मेलनला गेले आणि १९८६ ला ड्युरान नावाच्या विद्यार्थ्याबरोबर ती हो-नाहीवाली वाकडी गणितं सोडवायची पद्धत काढली, आजही चालते. सगळ्या २१८७ जुळण्या न तपासता बऱ्याच मुळातूनच कापायच्या, हा त्यातला गाभा.

रत्नागिरीजवळून एक पल्प युनिटवाल्या ताई: आमचं आंबा पल्पचं कॅनिंग आहे. बॉयलर ब्रिकेटवर (काडीकचऱ्याच्या दाबलेल्या विटा). डबे गार करून झाल्यावर पाणी चांगलं गरम असतं, ५५ डिग्री, तासाला २००० लिटर, ते गटारात जातं. त्यातून उष्णता परत घेता येईल का? एक विक्रेता म्हणतो मोठा हीट एक्सचेंजर (गरम पाण्याची उष्णता गार पाण्याला देणारं यंत्र) घ्या, जेवढा मोठा तेवढं ब्रिकेट वाचेल.

ताई, विक्रेता खोटं बोलत नाहीये पण पूर्ण पण बोलत नाहीये.

आधी फुकटातलं. स्टीमचं कंडेन्सेट, म्हणजे वाफ गार होऊन झालेलं गरम पाणी, परत बॉयलरच्या टाकीत येतंय का? येत नसेल तर एक्सचेंजरचं नाव काढू नका, आधी पाइप टाका.

आता ते ५५ चं पाणी. तुम्ही क्रेट आणि डबे धुवायला तासाला १५०० लिटर कोमट पाणी वापरता असं लिहिलंय, विहिरीचं २८ डिग्रीचं स्टीमने ४५ ला नेता. हे काम ५५ वाल्या पाण्याने आरामात होतं, मध्ये १० डिग्रीचं अंतर राहतं. स्टीम १०० च्या वरची, तिने ४५ डिग्रीचं पाणी तापवणं म्हणजे पूजेचं तूप दिव्यात न घालता चुलीत ओतण्यासारखं. बोडो लिनहॉफ नावाच्या जर्मन माणसाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी हेच सूत्र पक्कं मांडलं, पिंच म्हणतात त्याला. प्लांटमधले सगळे गार होणारे प्रवाह एका बाजूला, सगळे तापणारे दुसऱ्या बाजूला, आणि तपमानावर मांडून बघायचं की दोन रेषा कुठे सगळ्यात जवळ येतात. त्या चिमट्याच्या जागेवरून उष्णता वरून खाली गळू द्यायची नाही. मजा म्हणजे एकही एक्सचेंजर न काढता आधीच कळतं की कमीत कमी किती इंधन लागणारच.

तुमच्या बाबतीत ४५ पर्यंत नेलंत तर जवळजवळ ३० किलोवॅट परत मिळतात. आता विक्रेत्याच्या वाक्यावर येऊ. ४५ ऐवजी ५० पर्यंत न्यायचं म्हटलं, म्हणजे दोन पाण्यांत शेवटाला फक्त ५ डिग्री अंतर ठेवायचं, तर उष्णता मिळते सुमारे २९ टक्के जास्त, पण एक्सचेंजरच्या प्लेटचं क्षेत्रफळ लागतं दुपटीहून थोडं जास्तच. ५३ पर्यंत न्यायचं म्हटलं, अंतर २ डिग्री, तर उष्णता ४७ टक्के जास्त आणि क्षेत्रफळ चौपट. कोरड्या विहिरीचं शेवटचं पाणी काढण्यासारखं आहे ते, दोर लांबत जातो आणि कळशी अर्धीच येते.

मग कुठे थांबायचं? इथे तुमचा आणि लोट्याचा हिशोब वेगळा. तुमचा सीझन समजा ६० दिवस, दिवसाला १६ तास, झाले ९६० तास. ३० किलोवॅटने एवढ्या वेळात, ब्रिकेटची उष्णता किलोला ४००० किलोकॅलरी आणि बॉयलर ७० टक्के चांगला धरला, तर साधारण पावणेनऊ टन ब्रिकेट वाचेल. तुमच्या भावाने गुणा आणि एक्सचेंजर, पंप, पाइप, फिटिंग सगळ्याच्या कोटेशनशेजारी ठेवा. तोच एक्सचेंजर वर्षाला ८००० तास चालणाऱ्या कंपनीत लावला तर आठपट वाचवेल. समीकरण तेच, पाणी तेच, पण त्यांना ५ डिग्रीपर्यंत जाणं परवडतं आणि तुम्हाला १० वर थांबणं, कदाचित १५ वर. कोकणातल्या सीझनल युनिटला बारमाही प्लांटचं 'बेस्ट' डिझाइन विकणारे बरेच फिरतात, म्हणून एवढं लांबवलं. कोकम, काजू असं सीझननंतर काही करत असाल तर तेही तास त्यात मिळवा, गणित एकदम सुधारतं.

एक राहिलं. डबा फुटला तर त्या पाण्यात पल्प येतो आणि प्लेटा चोंदतात. आधी गाळणी लावा, साधी.

महाडहून एक शिफ्ट ऑपरेटर: साहेब लोक सांगतात की आमचा डिस्टिलेशन कॉलम ऑप्टिमाइज करून डिझाइन केलाय. मग दर वर्षी मे महिन्यात तो दम का टाकतो?

कारण डिझाइन करणारा मे महिन्यात आला नव्हता.

चेष्टा नाही करत, हे पाप मी स्वतः केलंय. कोकणातल्याच एका कंपनीत, नाव नको, मी एका कॉलमचा रिफ्लक्स रेशो, म्हणजे वर आलेल्या वाफेचं गार होऊन झालेलं द्रव किती परत कॉलममध्ये सोडायचं ते प्रमाण, काढला होता. रिफ्लक्स कमी ठेवला तर ट्रे जास्त लागतात, कॉलम उंच, जास्त ठेवला तर स्टीम आणि कूलिंग वॉटर खातो, दोन्ही खर्चांची बेरीज जिथे सगळ्यात कमी तो बिंदू, साधारण किमान रिफ्लक्सच्या १.१ ते १.३ पट येतो. मी अगदी नेमका काढला, वाफ गार करणारा कंडेन्सर पण तेवढ्यालाच तेवढा, एक चौरस मीटर जास्त नाही, कॉलर ताठ. कूलिंग वॉटर धरलं २८ डिग्री, मागच्या पुण्याच्या प्रोजेक्टच्या शीटमधून उचललेलं.

आता कूलिंग टॉवर पाणी किती गार करणार हे हवेतल्या दमटपणावर, वेट बल्बवर (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते तपमान). घाटावर उन्हाळ्यात हवा कोरडी, ऊन जास्त असलं तरी टॉवर छान काम करतो. इथे मे महिन्यात घाम पुसून रुमाल भिजतो पण अंग काही वाळत नाही, तसंच टॉवरमधल्या पाण्याचं, ते उडायलाच तयार नसतं. वेट बल्ब २७-२८ आणि टॉवरचं पाणी त्याहून चार-पाच डिग्री वरच राहतं, म्हणजे ३२-३३. माझा कंडेन्सर दुपारी बारा वाजता हात वर करायचा आणि तुमच्यासारखा कोणीतरी फीड कमी करून प्लांट सांभाळायचा, शिव्या मला. रास्त होत्या.

त्यातून मी दोन गोष्टी उचलल्या. एक म्हणजे ऑप्टिममच्या आसपास खर्चाचा आलेख बशीसारखा सपाट असतो, जरा उजवीकडे सरकलं तर खर्च किरकोळ वाढतो, पण डावीकडे कमी रिफ्लक्सच्या बाजूला कडा आहे, एकदम चढते. मग नेमक्या तळाशी कशाला बसायचं, उजवीकडे सरकून बस की. दुसरं, एका तपमानाला डिझाइन न करता जानेवारी, मे, जुलै असे तीन-चार प्रसंग एकाच गणितात घालायचे आणि म्हणायचं की मशीन एकच, पण या सगळ्या प्रसंगांत चाललं पाहिजे. गणित मोठं होतं, प्लांट जरा महाग होतो, आणि मे मध्ये ऑपरेटर जेवायला वेळेवर जातो. तुमच्याकडे आता काय करता येईल? टॉवरचं फिल (ज्यावरून पाणी पसरत उतरतं त्या आतल्या जाळ्या) साफ आहे का, पंखे पूर्ण फिरतायत का, आणि कंडेन्सरच्या नळ्या शेवटच्या कधी घासल्या, ही तीन उत्तरं घेऊन पुन्हा लिहा. (एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये दर वेळी सुरुवातीचा आकडा बदलला की उत्तर बदलतं, असं चिपळूणहून एकाने विचारलंय, त्याचं इथेच उरकतो. आपल्या सड्यावर पावसाचं पाणी कातळातल्या डबक्यात साचतं आणि तिथेच राहतं, समुद्र खाली आहे हे त्याला माहीत नसतं. तुझा सॉल्व्हर वेगवेगळ्या डबक्यात थांबतोय. सॉल्व्हरच्या जीआरजी पद्धतीच्या ऑप्शनमध्ये मल्टीस्टार्ट चालू कर, व्हेरिएबलना वरची-खालची मर्यादा दे, आणि आकडे एकाच मापात आण, एकीकडे ०.००१ आणि दुसरीकडे ५० लाख असं नको.)

खाडीकाठच्या एका गावातून: आमचा पिढ्यांचा मासेमारीचा धंदा. तुम्ही लिहिता गणिताने प्लांट बेस्ट करतात. त्या गणितात आमची खाडी असते का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सरळ उत्तर देतो. कोणी लिहिली तरच असते.

गणितात दोन जागा असतात जिथे खाडी बसू शकते. एक, खर्चाच्या बेरजेत, म्हणजे पाण्यात सोडलेल्या घाणीला किलोमागे काहीतरी दर लावायचा. दुसरी, मर्यादा म्हणून, की एवढ्याच्या वर सोडायचंच नाही, मग नफा कितीही बुडो. बेरजेत टाकलं आणि दर कमी लावला तर गणित खुशाल म्हणतं सोडा पाण्यात, परवडतंय. म्हणून माझं मत दुसऱ्या जागेचं, मर्यादेचं. आणि तिथला एक फायदा फारसा कोणी सांगत नाही, मर्यादा घातली की गणित सुटल्यावर प्रत्येक मर्यादेपुढे एक आकडा मिळतो, शॅडो प्राइस म्हणतात, की ही मर्यादा अजून एक किलोने आवळली तर कंपनीला किती रुपये पडतील. 'परवडत नाही' असं मोघम बोलणाऱ्याला विचारायचा आकडा तो.

पण मर्यादा लिहायची कशी यात खोच आहे, नीट बघा. आपल्याकडे सांडपाण्याच्या नियमात सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक माप, लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत, असा आकडा असतो. समजा एका कंपनीचं रोजचं पाणी २ लाख लिटर आणि त्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम. म्हणजे रोज १०० किलो. हे गणितात फक्त 'लिटरला २५० च्या आत' एवढंच लिहून दिलं तर ते काय उत्तर देईल माहितीये? अजून २ लाख लिटर साधं पाणी मिसळा. झाले २५०, पास! खाडीत गेले तेवढेच १०० किलो. गणिताला लबाडी कळत नाही आणि लाजही नाही, जे लिहिलं त्यातलं सगळ्यात स्वस्त ते शोधून आणतं. म्हणून लिटरला किती याच्या जोडीला दिवसाला एकूण किलो किती हे लिहावंच लागतं. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात पाणी किती सोडायचं ते बांधून दिलेलं असतं ते यासाठीच.

नीट लिहिलं तर हेच गणित तुमच्या बाजूने कामाला येतं, तेही सांगितलं पाहिजे. मे महिन्यात विहीर तळाला गेली की घरात बायका काय करतात, भांड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी टाकत नाहीत, पुढच्या भांड्यांना पहिल्यांदा घासायला घेतात, आणि तिथून ते माडाला. १९९४ ला वांग आणि स्मिथ या दोघांनी मँचेस्टरला हेच प्लांटसाठी मांडलं, वॉटर पिंच. कुठल्या धुण्याला किती स्वच्छ पाणी खरंच लागतं ते मांडायचं आणि स्वच्छ वापर ते घाण वापर असं पाणी उतरवत न्यायचं. पाणी कमी लागतं, ईटीपीत जाणारं पाणी कमी पण दाट होतं, आणि दाट पाण्यातून सॉल्व्हंट परत काढणं परवडायला लागतं. जो सॉल्व्हंट परत रिअ‍ॅक्टरमध्ये गेला तो खाडीत आला नाही.

आणि ग्रामसभेत किंवा जनसुनावणीला कंपनीची माणसं येऊन पडद्यावर चार्ट दाखवतात ना, तिथे हात वर करून एवढं विचारा: लिटरला नको, दिवसाला एकूण किती किलो ते सांगा. पाणी रोज किती लिटर घेता आणि किती सोडता? सॉल्व्हंट महिन्याला किती विकत घेता? तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबा, उत्तर येईपर्यंत खाली बसू नका. कारण सॉल्व्हंट काही मालाबरोबर विकला जात नाही, तो परत वापरला जातो, जाळला जातो, हवेत उडतो नाहीतर पाण्यात जातो, आणि दर महिन्याला जेवढा नवीन आणावा लागतो तेवढा मागच्या महिन्यात यातल्याच कुठल्यातरी वाटेने गेलेला असतो. ते उत्तर लिहून घ्या आणि मला पाठवा, बेरीज मी करून देतो.